धुरातला साक्षीदार

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘चेक इंजिन’ म्हणतात. चावी फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. ही त्याची रोजची हजेरी. जुनी गाडी घेताना ही हजेरी जरूर तपासावी. चावी फिरवूनही दिवा लागला नाही, तर गाडी ठणठणीत आहे असे समजू नये. दिव्याचेच तोंड कोणीतरी बंद केले असावे, असा संशय घ्यायला जागा असते.

चालत्या गाडीत हा दिवा लागून राहिला तर आधी रंग पाहायचा, मग वागणूक. तेलाच्या दाबाचा आणि इंजिनाच्या तापमानाचा दिवा लाल असतो. तो लागला की गाडी तिथल्या तिथे बाजूला घ्यायची, मागचे कितीही हॉर्न वाजवोत. चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागून राहिला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर एवढी घाई नसते. गाडी दादरहून गिरगावात घरी येऊ शकते, दोन दिवसांनी गॅरेजलाही जाऊ शकते. मात्र तोच दिवा लुकलुकू लागला तर गोष्ट वेगळी. कुठल्यातरी सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाही, म्हणजे गाडी ‘मिसिंग’ करते आहे. ते न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळू लागते. कन्व्हर्टरमधली सिरॅमिकची जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा मुलामा असतो, त्यामुळे हे नुकसान खिशाला चांगलेच जाणवते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून गाडी थांबवणे हेच शहाणपण.

या पिवळ्या दिव्याचा मूळ हेतू चालकाची सोय हा नव्हता. गाडीचा धूर ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर जाईल असा बिघाड लपून राहू नये, यासाठी तो आला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी अशी सक्ती केली. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत कोडची एकच भाषा आणि स्कॅनर लावायचे एकच सॉकेट ठरले. ‘ऑन बोर्ड डायग्नॉस्टिक्स’ ऊर्फ ओबीडी म्हणतात ती यंत्रणा हीच. भारतात ती बीएस-४ या धुराच्या मानकाबरोबर आली. १ एप्रिल २०१० ला १३ शहरांत बीएस-४ लागू झाले, त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही तीन शहरे होती. तेव्हा ओबीडीचा पहिला टप्पा आला, एप्रिल २०१३ पासून दुसरा. त्यामुळे ताडदेव आरटीओची एमएच-०१ पाटी मिरवणाऱ्या, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत हा दिवा आणि त्यामागची यंत्रणा आहे. २०२० च्या बीएस-६ नंतर ती स्कूटरवरही आली.

या दिव्यामागे शेकडो कारणे असू शकतात. त्यांतली एक मोठी टोळी ऑक्सिजन सेन्सरच्या अवतीभोवती फिरते. सेन्सर बदलूनही दिवा पुन्हा लागल्याची तक्रार गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते, आणि तिचे कारण बहुतेक वेळा सेन्सरचे काम नीट समजलेले नसते हेच असते.

ऑक्सिजन सेन्सर दिसायला स्पार्क प्लगचा भाऊ, फक्त शेपटीला वायरी असलेला. हल्ली बहुधा चार. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीत तो आट्यांवर बसवलेला असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरा. पुढचा सेन्सर इंजिनाच्या काँप्युटरला सांगतो की धुरात ऑक्सिजन उरला आहे की नाही. उरला असेल तर पेट्रोल कमी पडले, म्हणजे मिश्रण पातळ. नसेल तर पेट्रोल जास्त झाले, म्हणजे मिश्रण दाट. हे ऐकून काँप्युटर इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो, आणि लगेच पुन्हा सेन्सरकडे कान लावतो. मागचा सेन्सर वेगळ्या कामाला असतो. कन्व्हर्टर आपले काम करतो आहे की नाही, यावर त्याची मुख्य नजर.

पेट्रोलच्या १ ग्रॅमला पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. स्वयंपाकघरातल्या शेगडीला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरते. मोटारीत तीच काजळी प्लगवर धरते. पण मोटारीची अडचण नुसत्या काजळीची नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन संपवायला कन्व्हर्टरला ऑक्सिजन लागतो, तर नायट्रोजनची ऑक्साइडे मोडायला ऑक्सिजन नको असतो. ही दोन्ही कामे एकाच डब्यात व्हायची तर मिश्रण १४.७ च्या काट्यावरच राहायला हवे, किंचित अलीकडे, किंचित पलीकडे असे झुलत. तो झोका सांभाळण्यासाठी बॉश कंपनीने हा सेन्सर तयार केला आणि १९७६ मध्ये तो प्रथम व्होल्व्होच्या गाडीत बसला. हवा-इंधनाच्या प्रमाणाला तंत्रज्ञ ग्रीक अक्षरावरून ‘लॅम्डा’ म्हणतात, म्हणून हा लॅम्डा सेन्सर. लॅम्डा १ म्हणजे हिशेब बरोबर.

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियम डायऑक्साइडच्या सिरॅमिकची टोपी असते, दोन्ही अंगांनी प्लॅटिनमचा पातळ थर दिलेली. बाहेरून धूर लागतो, आत बाहेरची स्वच्छ हवा असते. सिरॅमिक तीनशे अंशांच्या वर तापले की ऑक्सिजनचे आयन त्यातून सरकू लागतात, आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक तितकी वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन नसला तर सुमारे ०.९ व्होल्ट, भरपूर असला तर ०.१ व्होल्ट. या विजेचे सूत्र जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट याचे, ज्याला १९२० चे नोबेल मिळाले. गंमत म्हणजे याच जातीचे सिरॅमिक वापरून नेर्न्स्टने १८९७ मध्ये विजेचा दिवा बनवला होता. तो दिवा कधीच विझला, सिरॅमिक मात्र आज रस्त्यावरच्या गाड्यांच्या नळ्यांमध्ये तापते आहे.

थंड सिरॅमिक मुके असते. म्हणून सेन्सरच्या पोटात एक छोटा हीटर असतो, आणि चारपैकी दोन वायरी त्याच्याच. हा हीटर पुढे कोडच्या हिशेबात वारंवार येतो.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने या बाबतीतला सगळा प्रवास पाहिला आहे. प्रीमियर पद्मिनीत काँप्युटर नव्हता, सेन्सर नव्हता. हवा आणि पेट्रोल कार्बोरेटर मिसळायचा, आणि त्याचा स्क्रू मिस्त्री कानाने लावायचा. इंजिन आयडलवर ठेवून स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर. आवाज गोल लागला की थांबायचे. सकाळी चोक ओढायचा, गाडी गरम झाली की आत ढकलायचा. पेट्रोल जास्त जाते आहे हे सांगायला प्लगची काळी तोंडे आणि मागच्या गाडीवाल्याचे डोळे, एवढीच साधने. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती इतिहासजमा झाली. आता टॅक्सी स्टँडवर उभ्या असलेल्या सीएनजी वॅगन आरमध्ये स्क्रू पिळायला जागा नाही. कानाचे काम सेन्सरकडे गेले, मिस्त्रीच्या हातात स्कॅनर आला.

हा बदल व्हायला इंधनही बदलावे लागले. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत, आणि शिसे सेन्सरला आणि कन्व्हर्टरला विषासारखे. प्लॅटिनमवर त्याचा थर बसला की दोन्ही निकामी. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झाले.

आता कोड. डॅशबोर्डखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ कुठेतरी १६ पिनांचे सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला की ‘पी०१३५’ असे पाच अक्षरांचे नाव वाचता येते. पहिले अक्षर खाते सांगते. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन, यू म्हणजे काँप्युटरांमधले आपापसातले बोलणे. पुढचा आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना समान. एक असेल तर त्या कंपनीचा खासगी, म्हणजे एका कंपनीच्या गाडीचा अर्थ दुसरीला लावायचा नाही. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, रेडिओच्या सुट्या भागांपासून मोबाइलच्या चिपांपर्यंत सगळे मिळते, तिथे मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे छोटे स्कॅनरही मिळतात. ते कोड वाचतात, पण कंपनीचे खासगी कोड उलगडायला बऱ्याचदा कमी पडतात.

कोडच्या वर्णनात ‘बँक १, सेन्सर १’ असे शब्द येतात. बँक म्हणजे सिलिंडरांची रांग. आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरांच्या छोट्या गाड्यांत रांग एकच, त्यामुळे बँक २ चा विचार व्ही आकाराच्या मोठ्या इंजिनांच्या मालकांनी करावा. सेन्सर १ म्हणजे कन्व्हर्टरच्या अलीकडचा, सेन्सर २ पलीकडचा. पी०१३० ते पी०१३५ हे पुढच्या सेन्सरचे कोड, पी०१३६ ते पी०१४१ मागच्याचे. दोन्ही मालिका एकाच क्रमाने चालतात. आधी सर्किटमध्ये बिघाड, मग व्होल्टेज कमी, व्होल्टेज जास्त, प्रतिसाद संथ, हालचालच नाही, आणि शेवटी हीटरचे सर्किट. म्हणजे पी०१३३ पुढचा सेन्सर संथ झाल्याचा, पी०१३९ मागचा. पी०१३५ पुढच्या हीटरचा, पी०१४१ मागच्या हीटरचा. हा क्रम डोक्यात बसला की बारा कोडांची घोकंपट्टी करावी लागत नाही.

यांतले हीटरचे कोड सर्वांत सरळ. दोन्ही हीटरांचे कोड एकदम आले, तर दोन सेन्सर एकाच दिवशी गेले असे मानण्यापेक्षा फ्यूज आधी काढून पाहावा. अनेक गाड्यांत दोन्ही हीटरांना वीज एकाच फ्यूजमधून जाते, आणि तो फ्यूज मिळतो काही रुपयांत. फ्यूज ठीक असेल तर कपलर काढून हीटरच्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावायचा. त्या बहुधा एकाच रंगाच्या असतात. थंड सेन्सरमध्ये काही ओहमचा विरोध दिसायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली. मग सेन्सर बदलण्याला पर्याय नाही, आणि इथे दोषी खरोखर सेन्सरच असतो.

व्होल्टेजच्या कोडांमध्ये मात्र चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची चूक होते. पी०१३१ म्हणजे पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज सतत कमी. याचा एक अर्थ सेन्सर खराब, दुसरा अर्थ मिश्रण खरोखरच पातळ आणि सेन्सर ते प्रामाणिकपणे सांगतो आहे. सोबत पी०१७१ असेल तर दुसऱ्या अर्थाकडे आधी पाहावे. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. काँप्युटर पेट्रोल वाढवून वाढवून थकला तरी हिशेब जुळत नाही. त्यामागे हवेची फुटलेली नळी असू शकते, पेट्रोल पंपाचा कमी पडलेला दाब असू शकतो, तुंबलेला फिल्टर असू शकतो. पी०१७२ याच्या उलट, मिश्रण दाट. गळका इंजेक्टर किंवा वाढलेला दाब तपासायचा.

साक्षीदार खरे बोलतो, पण ऐकणारा चुकीचा अर्थ काढतो, असेही होते. सिलिंडरमध्ये प्लग पेटलाच नाही, तर तिथली हवा आणि पेट्रोल दोन्ही तसेच बाहेर पडतात. सेन्सर मोजतो फक्त ऑक्सिजन, पेट्रोल त्याला दिसत नाही. तो सांगतो की धुरात ऑक्सिजन फार आहे. काँप्युटर समजतो मिश्रण पातळ, आणि आणखी पेट्रोल सोडतो. गाडी पेट्रोलचा वास मारते, ॲव्हरेज पडते, आणि स्कॅनरवर मात्र ‘पातळ’ असे लिहून येते. खरा चोर कितीतरी वेळा शे-दोनशे रुपयांचा प्लग असतो. एक्झॉस्टच्या जोडावरचे पॅकिंग फुटले तरी हेच नाटक होते. धुराच्या दाबाच्या लाटांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर त्या हवेची साक्ष देतो.

म्हणून कोडपेक्षा चालू आकडे अधिक बोलके. परळ-लालबागकडच्या एखाद्या गॅरेजमध्ये, गाडी गरम करून, न्यूट्रलमध्ये २५०० फेऱ्यांवर रेस धरून स्कॅनरकडे पाहिले की पुढच्या निरोगी सेन्सरचा आकडा नाचताना दिसतो: ०.१, ०.८, ०.२, ०.७, सेकंदाला साधारण एक झोका किंवा अधिक. तोच आकडा ०.४५ च्या आसपास ठाण मांडून बसला असेल तर सेन्सर थंड, तुटलेला किंवा मेलेला. पी०१३४ येतो तो यामुळेच. नाचतो आहे पण आळसावल्यासारखा, तर म्हातारा झाला, पी०१३३. मागच्या सेन्सरचा आकडा याउलट शांत हवा, ०.६-०.७ च्या आसपास. तो पुढच्याबरोबर ताल धरून नाचू लागला तर कन्व्हर्टरने काम सोडले. पी०४२० चा उगम तिथे. मागचा सेन्सर बदलून पी०४२० जाईल ही आशा बहुधा फोल ठरते. काही गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा, रुंद पट्ट्याचा असतो. तो असा नाचत नाही, म्हणून गाडीची जात पाहूनच निकाल द्यावा.

पडद्यावर आणखी एक आकडा असतो, फ्युएल ट्रिम. काँप्युटर ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, ते तो सांगतो. दहा टक्क्यांच्या आत, अधिक किंवा उणे, असला तर चिंता नाही. अधिक २५ च्या आसपास गेला तर काँप्युटर पेट्रोल ओतून दमला आहे. आयडलवर हा आकडा मोठा आणि रेस केल्यावर खाली येत असेल, तर हवेची गळती. उलट रेस केल्यावर वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा. सेन्सर जिवंत आहे की नाही हे पाहायची गॅरेजची जुनी युक्ती म्हणजे हवेच्या वाटेवर कार्बोरेटर क्लीनरचा छोटा फवारा. आकडा क्षणात ०.८-०.९ वर उडी मारत असेल तर साक्षीदार जागा आहे. गरम इंजिनावर हा फवारा पेट घेऊ शकतो, म्हणून ही युक्ती ज्याच्या हाताला सवय आहे त्याच्याकडेच राहू द्यावी.

सीएनजी गाडीत एक सोय आपोआप मिळते. बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्यायची आणि तेच आकडे पुन्हा पाहायचे. पेट्रोलवर ट्रिम ठीक आणि गॅसवर बिघडते, तर सेन्सर निर्दोष; गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर किंवा गॅसचे इंजेक्टर पाहायचे. मिथेनला जळायला १७.२ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. पण सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो, त्यामुळे इंधन कुठलेही असो, लॅम्डा १ कुठे ते त्याला कळते. जुन्या, बाहेरून बसवलेल्या काही सीएनजी किटांत मात्र ‘एम्युलेटर’ नावाची डबी असते. गाडी गॅसवर असताना ती पेट्रोलच्या काँप्युटरला सेन्सरच्या नावाने बनावट झोके पाठवते, म्हणजे दिवा लागू नये. हा शिकवून आणलेला साक्षीदार. अशा गाडीत स्कॅनरवरचा नाच पाहून सेन्सर उत्तम आहे असे म्हणण्यात अर्थ नसतो.

दक्षिण आणि मध्य मुंबईत सेन्सरचे आयुष्य कमी करणाऱ्या गोष्टी शहराच्या स्वभावातच आहेत. गिरगावातून सी. पी. टँकपर्यंत गाडी काढली, पार्किंग शोधण्यात वीस मिनिटे गेली, परत आणून लावली. इंजिन पुरते तापलेच नाही. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जाते, काजळी धरते, नळीत पाणी साठते. गाडी रोज खोपोलीपर्यंत धावली असती तर ही काजळी आपोआप जळून गेली असती.

मग पावसाळा. दादर-परळच्या मधला हिंदमाता परिसर बशीच्या तळासारखा आहे. पालिकेने प्रमोद महाजन उद्यानात आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाण्याच्या टाक्या बांधल्या त्या इथल्याच पाण्यासाठी. मागचा सेन्सर गाडीच्या पोटाखाली असतो, आणि गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की तापलेल्या सिरॅमिकला गार पाण्याचा झटका बसतो. कधी ते तडकते. त्याहून नेहमीचे म्हणजे कपलरमध्ये पाणी शिरते, तांब्याच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, आणि पाणी ओसरून काही दिवस गेल्यावर एका सकाळी दिवा लागतो. तेव्हा पी०१३७ किंवा पी०१४१ वाचून सेन्सर मागवण्याआधी कपलर उघडून पाहावा. आणखी एक खाच अशी की आतल्या बाजूला लागणारी स्वच्छ हवा बऱ्याच सेन्सरमध्ये वायरींच्या आवरणातूनच आत जाते. म्हणून कपलरमध्ये ग्रीस भरणे किंवा तुटलेल्या वायरीला डाग देऊन वर घट्ट टेप गुंडाळणे या दोन्ही प्रेमळ दुरुस्त्या सेन्सरचा श्वास कोंडू शकतात.

उंदरांची गोष्ट वेगळी सांगायला नको. चाळीच्या पटांगणात किंवा खाऊगल्लीच्या मागे उभ्या राहणाऱ्या गाडीचे बॉनेट उबदार असते, आणि वायरी कुरतडायला सोयीच्या. अचानक, कसलीही पूर्वसूचना न देता दोन-तीन असंबद्ध कोड एकदम आले तर टॉर्च घेऊन वायरिंग पाहणे हे स्कॅनरपेक्षा लवकर उत्तर देते.

काही विषे माणूस स्वतः देतो. इंजिन जोडताना वापरलेला साधा सिलिकॉन सीलंट गरम झाला की त्याची वाफ इंजिनातून धुरात जाते आणि सेन्सरच्या टोकावर पांढरा थर बसतो. हेड गॅस्केट फुटून कूलंट जळू लागला तरी असाच थर. इंजिन तेल खात असेल तर राखेचा थर. म्हणून काढलेल्या सेन्सरचे टोक फेकून देण्याआधी पाहावे. काळी भुसभुशीत काजळी असेल तर मिश्रण दाट, पांढरा थर असेल तर सिलिकॉन किंवा कूलंट. मूळ कारण तसेच ठेवून नवा सेन्सर लावला तर तोही त्याच वाटेने जातो.

सेन्सर खरोखर बदलायचाच असेल तर ऑपेरा हाउसच्या बाजूला, न्यू क्वीन्स रोडच्या सुट्या भागांच्या दुकानांत तो मिळतो. मात्र गाडीचे मॉडेल, वर्ष आणि जुन्या सेन्सरवरचा क्रमांक बरोबर न्यावा लागतो. आटे बहुतेकांचे सारखेच, १८ मिलिमीटरचे, आणि पाना २२ चा. त्यामुळे चुकीचा सेन्सरही बिनतक्रार बसतो आणि चुकीचे बोलतो. डुप्लिकेट मालात हीटरचा विरोध वेगळा असला की नवाकोरा सेन्सर लावूनही पी०१३५ परत येतो. काढताना नळी किंचित कोमट असावी; पूर्ण थंड असेल तर आटे धरून बसतात, फार गरम असेल तर हात भाजतो. नव्याच्या आट्यांना कंपनीने खास पेस्ट लावलेली असते. ती टोकाला लागू द्यायची नाही. जुन्या एका वायरीच्या सेन्सरांचे आयुष्य पन्नास ते ऐंशी हजार किलोमीटर धरत, हीटरवाल्यांचे लाखभर किंवा अधिक. सेन्सर म्हातारा होतो तो बहुधा दिवा न लावता, आधी ॲव्हरेज थोडे खाली आणून.

दिवा आणि कोड घालवायचे दोन मार्ग. एक स्कॅनरने पुसणे, गॅरेजच्या भाषेत ‘कोड उडवणे’. बॅटरीची वायर काढूनही हे अनेक गाड्यांत साधते. पण दोन्हींत बिघाडाच्या क्षणी टिपलेले आकडेही जातात, म्हणजे फेऱ्या, तापमान, वेग. निदानाला सर्वांत उपयोगी तेच असतात. म्हणून आधी मोबाइलवर फोटो, मग उडवणे. दुसरा मार्ग गाडीवर सोडून देणे. बहुतेक कोड गाडीच्या दोन खेपांत ओळीने तोच दोष दिसला तरच दिवा लावतात. दोष गेल्यावर ओळीने तीन स्वच्छ खेपा झाल्या की दिवा आपोआप विझतो. कोड मात्र आठवणीत राहतो, आणि इंजिन ४० वेळा थंडाचे गरम होईपर्यंत तिथेच असतो. गाडी विकण्याच्या आदल्या दिवशी कोड उडवला की दिवा दिसत नाही, पण स्कॅनरवर ‘तपासण्या अपूर्ण’ असे लिहून येते. घेणाऱ्याने ते जरूर वाचावे.

पीयूसीचे यंत्र गाडीचा कोड वाचत नाही. ते सायलेन्सरच्या तोंडात नळी घालून स्वतः धूर मोजते. बीएस-४ नंतरच्या पेट्रोल गाडीत आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवे. २५०० फेऱ्यांच्या आसपास मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. दिवा लागलेला असूनही गाडी पास होऊ शकते, हीटर नुकताच गेला असेल तर बहुधा होतेच, कारण गरम धुराने सेन्सर तसाही तापतो. पण पुढचा सेन्सर खोटे बोलत असेल तर लॅम्डाचा आकडा ते चटकन उघडे पाडतो.

दुरुस्तीनंतर गाडीने आपल्या सगळ्या तपासण्या पुन्हा पूर्ण करायला हव्यात. त्यासाठी गार इंजिनापासून सुरुवात, मग पुरती गरम गाडी, आणि काही मिनिटे एकसारखा वेग लागतो. परळ-लालबागच्या गर्दीत ही शेवटची अट पुरी होत नाही. लालबागचा उड्डाणपूलही यासाठी लहानच. रविवारी सकाळी पी. डिमेलो मार्गावरून पूर्व मुक्त मार्गावर चढून चेंबूरपर्यंत साठच्या वेगाने जाऊन यावे. परतल्यावर स्कॅनरवर सेन्सर आणि कॅटॅलिस्ट या दोन नावांपुढे ‘पूर्ण’ असे दिसले, तर दुरुस्ती खरी.